डोळ्यांचे पेव रिकामे पडू देऊ नका

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून या मांडवात कापसाच्या भावाची, ज्वारीच्या उताऱ्याची आणि बँकेच्या व्याजाची चर्चा झाली. आता आम्ही जो विषय काढणार आहोत तो ऐकून मागच्या रांगेतले काही जण म्हणतील, हे दवाखान्यातले बोलणे, मेळाव्यात कशाला? ते डॉक्टर बघतील. आमचे म्हणणे असे की हा विषय डॉक्टरांच्या आधी आपला आहे. तो बांधावर आहे, गोठ्यात आहे, चुलीपाशी आहे. दवाखान्यात पोचतो तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

विषय आहे अ जीवनसत्त्वाचा. नाव पुस्तकी आहे, गोष्ट घरची आहे.

दिवेलागणीची गोष्ट

आमच्याच एका कार्यकर्त्याच्या घरची हकीकत. नाव-गाव सांगत नाही. इथे बसलेल्या पुष्कळ घरांना ती लागू पडेल. कोरडवाहू सहा एकर. अर्ध्यात कपाशी, उरलेल्यात ज्वारी आणि तूर. घरात चार वर्षांची मुलगी. दिवसभर अंगणात हुंदडायची, पण दिवेलागण झाली की भिंतीला टेकून बसायची ती उठायचीच नाही. तांब्या आण म्हटले तर रडायची. एकदा उंबऱ्याला अडखळून पडली. आजी म्हणाली, अंधाराला भिते. आई म्हणाली, आळशी आहे. बाप म्हणाला, लाडावली आहे. तिघांनी तीन कारणे दिली, पण तुला दिसते का गं, हे तिला कोणी विचारले नाही.

आम्ही त्या घरी मुक्कामाला होतो. वीज गेलेली, कंदिलाच्या उजेडात जेवणे चाललेली. पोर ताटातली भाकरी हाताने चाचपत होती. दारात आलेल्या एका म्हाताऱ्या शेजारणीने ते पाहिले आणि म्हणाली, हिला रातांधळे आहे. दुसऱ्या दिवशी मुलीला आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरांनी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या शेजारी, साबणाच्या फेसासारखा ठिपका दाखवला. डोस पाजला. दोन-चार दिवसांत पोर तिन्हीसांजेला अंगणात धावायला लागली.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला, घरात दुसरे मूल आहे का? सगळे गप्प झाले. तिच्या पाठचा भाऊ आदल्या उन्हाळ्यात गोवराने गेला होता. गोवर आला, मग जुलाब लागले, मग छाती भरली. तो अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळेच गेला असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. पण तो त्याच चुलीवरचे खात होता, आणि त्या चुलीवर काय कमी पडत होते ते बहिणीच्या डोळ्यांनी दाखवून दिले होते. आज आम्ही बोलायला उभे आहोत ते त्या दुसऱ्या मुलामुळे.

डोळ्यातला दिवा

अंधुक उजेडात दिसावे म्हणून डोळ्याच्या मागच्या पडद्यात एक रंगद्रव्य असते. ते अ जीवनसत्त्वापासून बनते. उजेडाचा किरण पडला की ते फुटते, मग पुन्हा बनते. दिव्यातले तेल जळावे आणि आपण पुन्हा घालावे, तसा हा प्रकार. तेल घालायलाच नसेल तर दिवा मंद होतो. दिवसा भरपूर उजेड असतो म्हणून उणीव कळत नाही, तिन्हीसांजेला कळते. जॉर्ज वॉल्ड या शास्त्रज्ञाने १९३३ साली डोळ्याच्या पडद्यात अ जीवनसत्त्व असल्याचे दाखवले, आणि दृष्टीच्या या कामाबद्दल १९६७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पण दुखण्यावरचा उपाय माणसाला फार आधीपासून माहीत होता. प्राचीन इजिप्तमध्ये रातांधळेपणावर जनावराचे यकृत वापरत. आपल्या सुश्रुतसंहितेतही बकऱ्याचे यकृत सांगितले आहे.

यकृतच का? कारण शरीर अ जीवनसत्त्व साठवते ते यकृतात. जुन्या मंडळींना ज्वारीचे पेव आठवत असेल. सुगीला भरायचे, तोंड बंद करायचे आणि नड पडली की उघडायचे. यकृत हे आपल्या अंगातले पेव. पावसाळ्यात, हिवाळ्यात पाला मिळतो, उन्हाळ्याच्या तोंडाला आंबा मिळतो, तेव्हा ते भरते. कोरड्या दिवसांत त्यातून थोडे थोडे निघते. मोठ्या माणसाचे पेव मोठे, ते काही महिने टिकते. लहान मुलाचे पेव लहान. त्यात त्याची वाढ चाललेली, म्हणजे खर्च जास्त. एक उन्हाळा आणि एक आजारपण एवढ्यात ते तळाला जाते.

तळाला गेले की आधी रातांधळेपणा येतो. मग डोळ्याचा पांढरा भाग कोरडा, सुरकुतल्यासारखा होतो, फेसाचा ठिपका दिसतो. त्यानंतर बुबुळाची काच कोरडी पडते, धुरकट होते, आणि तिथून पुढे ती विरघळून डोळा कायमचा जायला कधी कधी दोन दिवससुद्धा पुरतात. पहिल्या दोन पायऱ्यांवरून मूल परत येते. शेवटच्या पायरीवरून परतणे नाही.

नुसता डोळाच नाही

आता सर्वांत महत्त्वाचे. पुष्कळ वर्षे डॉक्टरसुद्धा समजत होते की हे डोळ्याचे दुखणे आहे. आल्फ्रेड सोमर नावाचे अमेरिकन नेत्रवैद्य इंडोनेशियात मुलांचे डोळे तपासत होते. त्यांच्या नोंदीत दिसले की ज्या मुलांना नुसता रातांधळेपणा किंवा डोळ्यात ठिपका होता, बाकी तब्येत बरी दिसत होती, ती मुले इतरांच्या सरासरी चौपट प्रमाणात मरत होती. हे १९८३ साली प्रसिद्ध झाले. मग सुमात्रा बेटावर ४५० गावांत प्रयोग झाला. निम्म्या गावांतल्या मुलांना सहा महिन्यांच्या अंतराने डोस दिला, निम्म्या गावांत वर्ष संपेपर्यंत दिला नाही. डोस दिलेल्या गावांत बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. १९९० साली तमिळनाडूतल्या अशाच प्रयोगात, दर आठवड्याला थोडा थोडा डोस दिल्यावर, मृत्यू ५४ टक्क्यांनी कमी आढळले.

त्याही आधी, १९३२ साली, लंडनमध्ये गोवर झालेल्या ६०० मुलांवर प्रयोग झाला होता. ३०० मुलांना माशाच्या यकृताच्या तेलातून अ जीवनसत्त्व दिले, ३०० मुलांना दिले नाही. न दिलेल्यांतली २६ मुले दगावली, दिलेल्यांतली ११. या कामाकडे पुढे पन्नास वर्षे कोणी फारसे पाहिले नाही.

असे का घडते? शरीराला बाहेरून कातडे आहे तसे आतूनही अस्तर आहे. नाकापासून फुफ्फुसापर्यंत, तोंडापासून आतड्यापर्यंत ते ओलसर असते आणि त्या ओलाव्यातच जंतू अडकतात. अ जीवनसत्त्व कमी पडले की हे अस्तर कोरडे पडते. कुंपण वाळले की जनावर शेतात शिरते, तसे जंतू आत शिरतात. आत लढणाऱ्या पेशीही कमजोर होतात. डोळा फक्त आपल्याला दिसतो म्हणून तिथे कळते. आतले अस्तर कोणी पाहिले आहे?

हे गोठ्यात आधी कळले

मायबहिणींनो, ही विद्या माणसाच्या दवाखान्यापेक्षा गोठ्यातून जास्त आलेली आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे १९०७ साली १६ कालवडींचे चार गट केले. एका गटाला फक्त मक्याच्या झाडाचे, म्हणजे दाणा आणि वैरण दोन्ही. दुसऱ्याला फक्त गव्हाचे. तिसऱ्याला फक्त ओट या धान्याचे. चौथ्याला तिन्हींचे मिश्रण. हिशेबाने चौघांची पौष्टिकता सारखी बांधलेली होती. मक्यावरच्या कालवडी तुकतुकीत राहिल्या, त्यांची वासरे जगली. गव्हावरच्या कालवडी खंगल्या, त्यांची वासरे मेलेली जन्मली किंवा जन्मून मेली. वजनकाट्यावर न दिसणारे काहीतरी चाऱ्यात आहे, हे शास्त्रज्ञांना त्यातून उमगले. त्याच ठिकाणी १९१३ साली मॅकॉलम आणि मार्गरेट डेव्हिस यांनी उंदरांवर प्रयोग करून लोण्याच्या स्निग्धात वाढीला लागणारा घटक आहे हे दाखवले. तेच अ जीवनसत्त्व. १९१९ साली तिथल्याच स्टीनबॉक यांनी नोंदले की पिवळ्या मक्यात तो गुण आहे, पांढऱ्या मक्यात नाही.

आपण कापूसवाले, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या मुलखात, सरकीची पेंड आणि सरकीची टरफले एवढ्यावरच ठेवलेली जनावरे आंधळी व्हायची, लडखडायची. सरकीत विष असते म्हणून असे होते, असे लोक म्हणत. सरकीत विषारी अंश असतो हे खरेच. पण १९३० च्या सुमारास उत्तर कॅरोलिनातल्या संशोधकांनी दाखवले की गुरांच्या त्या दुखण्याचे कारण विष नव्हते. पेंडीत आणि टरफलात अ जीवनसत्त्व नव्हते, हे कारण होते. हिरवा चारा दिला की जनावर सुधारायचे.

आपल्याला हे नवीन नाही. उन्हाळ्यात वाळल्या कडब्यावर आणि पेंडीवर ठेवलेल्या बैलाला संध्याकाळी ठेच लागू लागली की जुना शेतकरी म्हणायचा, याला हिरवे दाखवा. बैलासाठी आपण हे जाणतो. पोरासाठी का विसरतो?

लोणी विकणाऱ्या देशाची गोष्ट

आता एक परदेशातली हकीकत, पण ती शेतकऱ्यांचीच आहे. डेन्मार्क हा लहान देश दूध-लोण्यासाठी प्रसिद्ध. शेतकऱ्यांच्या सहकारी डेअऱ्या, उत्तम माल, इंग्लंडची हुकमी बाजारपेठ. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोण्याचे भाव चढले. लोणी बाहेर जायचे. गरिबाच्या घरात मलई काढून घेतलेले दूध आणि वनस्पती तेलाची मार्गारिन राहायची. त्या काळच्या मार्गारिनमध्ये अ जीवनसत्त्व घातलेले नसे. कोपनहेगनच्या दवाखान्यांत डोळे कोरडे पडलेली, बुबुळे गेलेली मुले येऊ लागली. बरीचशी खेड्यापाड्यातल्या गरिबांची. कार्ल ब्लोख नावाच्या बालवैद्यांनी ते ओळखले. ही मुले उपाशी नव्हती. त्यांच्या अन्नातून दुधाचे स्निग्ध गेलेले होते. त्यांनी माशाच्या यकृताचे तेल आणि मलईचे दूध दिले आणि वेळेवर आलेली मुले बरी केली.

पुढे जे झाले ते मोठे बोलके आहे. १९१७ साली जर्मन पाणबुड्यांमुळे समुद्री व्यापार खोळंबला. डिसेंबरात डेन्मार्क सरकारने लोण्याचे रेशनिंग केले, दर माणशी आठवड्याला पाव किलो, गरिबाला परवडेल अशा भावात. १९१८ साली हे डोळ्यांचे दुखणे जवळजवळ नाहीसे झाले. कोणी औषध शोधले नव्हते, कोणी शिबिर भरवले नव्हते. देशातले लोणी देशातल्या पोरांच्या पोटात गेले, एवढेच झाले. आणि रेशनिंग उठून व्यापार पूर्ववत झाल्यावर दुखणे पुन्हा दिसू लागले.

यावरून कोणी असे समजू नये की माल विकणे पाप आहे. मालाला भाव मिळालाच पाहिजे, आणि भाव मिळाला तर घरात दूध-तूप येते, हेही तितकेच खरे. पण विकताना घरातून नेमके काय बाहेर चालले आहे याचा हिशेब ठेवावा लागतो. आपल्याकडे डेअरीवर दुधाचा भाव फॅटवर ठरतो. दुधातले अ जीवनसत्त्व असते ते त्या फॅटमध्येच. सकाळ-संध्याकाळ कॅन भरून डेअरीला घालायचे आणि पोराला कपभर काळा-तांबडा चहा आणि दोन बिस्किटे द्यायची, म्हणजे आपल्या घरापुरता आपण तेव्हाचा डेन्मार्कच उभा केला.

आपल्या ताटात काय उरले?

ज्वारी हे आपले सोने आहे. भाकरीने अंगात ताकद येते. पण पांढऱ्याशुभ्र, मोत्यासारख्या ज्वारीत अ जीवनसत्त्व नसल्यातच जमा आहे. दाणा जितका पांढरा तितका बाजारात भाव, आणि या बाबतीत तितकाच तो रिकामा. काही ज्वारीचे दाणे आतून पिवळसर असतात, त्यांत थोडे असते, पण त्यावर मूल पोसले जाणार नाही. कापूस तर खाताच येत नाही. सरकीच्या तेलात, शेंगदाण्याच्या तेलात मुळात अ जीवनसत्त्व नसते. मग आपले आजी-आजोबा कशावर जगले?

ते पाल्यावर जगले. अ जीवनसत्त्व तयार स्वरूपात फक्त प्राण्यांच्या अन्नात मिळते, म्हणजे दूध, तूप, अंडे, कलेजी. पण हिरव्या पाल्यात आणि पिवळ्या-केशरी फळात कॅरोटीन असते आणि शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवते. गाय हेच करते. हिरवा चारा खाते, थोडे कॅरोटीन तसेच दुधात सोडते, म्हणून गाईचे तूप पिवळे. म्हैस जवळजवळ सगळ्याचे अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचे तूप पांढरे. पण पांढरे म्हणून ते रिकामे नव्हे.

जुन्या शेतात कपाशीच्या ओळींमध्ये तूर असायची, ज्वारीत मूग-उडीद-चवळी असायची, बांधाला, म्हणजे वऱ्हाडातल्या धुऱ्याला, अंबाडी असायची. निंदायला गेलेली बाई संध्याकाळी रिकाम्या ओटीने परत येत नसे. तांदुळजा, चिवळ, घोळ, पाथरी, कुंजर, पहिल्या पावसातला तरोटा, असे काहीतरी ओटीत असायचेच. त्याला ना बियाणे लागायचे ना खत. मजुरीच्या हिशेबात ते कुठे धरले जात नव्हते, पण घरातल्या पोरांचे डोळे त्या ओटीवर राखले जात होते. कोणत्याही कृषी अहवालात त्या ओटीचा आकडा नाही.

आज निंदण कमी झाले, तणनाशक आले. मजुरी वाचली हे खरे, आणि ती वाचवणे गरजेचे होते हेही खरे. पण तणाबरोबर भाजीही गेली. कपाशीवर विषारी फवारणी होते, त्या शेतातला पाला तोडून पोराच्या ताटात घालणे धोक्याचे आहे. तेव्हा पूर्वीसारखे ओटीतून आणा, असे सांगून आम्हाला मोकळे होता येणार नाही. जी गोष्ट फुकट मिळत होती ती आता ठरवून लावावी लागेल.

मूठभर पाला, चमचाभर तेल

काय लावायचे? पहिले झाड शेवग्याचे. आपण शेंगा विकतो, शेंगा खातो आणि पाला शेळीला घालतो. अ जीवनसत्त्वाच्या हिशेबात शेंगेपेक्षा पाला कितीतरी सरस. शेळी शहाणी म्हणायची! न्हाणीच्या पाण्यावर एक शेवगा, एक पपई, एक कढीपत्ता जगतो. वेगळे पाणी लागत नाही. शेवगा उन्हाळ्यातही पाला देतो, आणि पेव रिकामे होते तेही उन्हाळ्यातच. परसात लाल भोपळ्याचा एक वेल चढवा. भोपळा घरात महिनोन् महिने टिकतो, त्याला फ्रीज लागत नाही.

रब्बीत करडई आहेच. कोवळेपणी पालेभाजी, पुढे तेल. पाला आणि तेल दोन्ही एकाच झाडात, असे पीक आपल्या कोरडवाहू रानात आहे. हरभऱ्याचा कोवळा पाला आहे, मेथी, शेपू, माठ, चवळीचा पाला आहे. पाला जितका गर्द हिरवा तितके कॅरोटीन जास्त. कोबीचे पांढरे पान गर्द हिरव्याची बरोबरी करत नाही.

तेलाचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. बिनतेलाची भाजी खाल्ली तर त्यातले पुष्कळ तसेच बाहेर जाते. मुलाच्या वाटीत चमचाभर तेल किंवा तूप हवे, नाहीतर तिळाची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी हवी. ही चैन नव्हे. त्याशिवाय पाला अंगी लागत नाही. मोठ्यांनी झणझणीत तर्री ओरपायची आणि पोराला वरचे पाणी द्यायचे, हे उलटे झाले.

पाला शिजवून, चेचून मऊ करा; शिजवल्याने कॅरोटीन फारसे जात नाही, उलट सुटे होते. उन्हात वाळवल्याने मात्र जाते. हिरवा कडबा उन्हाने पांढरा पडतो तेव्हा हेच घडलेले असते. पाला साठवायचा तर सावलीत वाळवा.

आणि एक खरे ते सांगितले पाहिजे. पाल्यातले सगळे कॅरोटीन अंगी लागत नाही. पूर्वी शास्त्रज्ञांचा हिशेब बराच उदार होता. २००१ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी तो कडक केला. अन्नातल्या कॅरोटीनच्या १२ भागांपासून अ जीवनसत्त्वाचा १ भाग मिळतो असे धरले. पोटात जंत असतील, जुलाब चालू असतील तर त्याहूनही कमी. म्हणून आठवड्यातून एकदा पाल्याची भाजी करून भागत नाही. ती रोज थोडी हवी. त्याबरोबर जमेल तेव्हा अंडे, कपभर साईचे दूध, चालत असेल त्याच्या घरी कलेजीचा तुकडा. अंगणवाडीत, शाळेत जंताची गोळी मिळते ती चुकवू नका.

चीक आणि फोडणी

दोन रूढींबद्दल बोलतो, माफ करा. गाय व्यायली की वासराला चीक पाजलाच पाहिजे, हे पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असते. चीक न मिळालेले वासरू जगणे कठीण. पण आपल्या काही घरांत बाळंतिणीचे पहिले पिवळे दूध पिळून फेकतात आणि बाळाला मधाचे बोट लावतात. ते पिवळेपण कॅरोटीनचे आहे. बाळ जन्मते तेव्हा त्याचे पेव जवळजवळ रिकामे असते. चिकाने त्यात पहिली रास पडते. वासराला जे देता ते बाळाला नाकारू नका.

दुसरी रूढी गोवराची. घरात गोवर आला की फोडणी बंद, तेल बंद, पोराला पेज आणि पाणी. गोवर अंगातले अ जीवनसत्त्व झपाट्याने खातो. नेमक्या त्याच वेळी आपण वाट बंद करतो. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवा, आमची हरकत नाही. पण मुलाला खाऊ घाला आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. गोवराच्या मुलाला अ जीवनसत्त्वाचे दोन डोस, लागोपाठ दोन दिवस, देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ते मागून घ्या.

डोस हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कामातून आपल्या देशात १९७० साली मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आज नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर पहिला डोस, १ लाख युनिट. दुसरा दीड वर्षाच्या सुमारास, २ लाख युनिट. मग दर सहा महिन्यांनी पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत. एकूण नऊ डोस. पेव सहा महिन्यांपुरते भरण्याची ही सोय आहे.

यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, तोही लपवत नाही. उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ साली आले, त्यात मृत्यू फारसे घटलेले दिसले नाहीत. काही तज्ज्ञ म्हणतात, आता सरसकट डोस नको, अन्न सुधारा. डोळे गेलेली मुले पूर्वीइतकी आता दिसत नाहीत, हेही खरे. पण २०१६ ते २०१८ मधल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या मुलांपैकी १८ टक्क्यांच्या रक्तात अ जीवनसत्त्व कमी आढळले. म्हणजे शंभरातली अठरा. ही अठरा कोणाच्या घरची असतील याचा अंदाज या मांडवात बसून करता येतो. जोवर पेव अन्नाने भरत नाही तोवर डोस चुकवू नका. आणि डोस मिळाला म्हणून पाला सोडू नका.

आपली अडचण वेगळीच आहे. डोसाच्या दिवशी आपण वेचणीला असतो किंवा ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात असतो. त्या मुलीच्या कार्डावरही दोन घरे कोरी होती. दोन्ही वेळा कुटुंब कोपीवर होते. कार्ड बरोबर न्या. जिथे पाल ठोकाल तिथल्या अंगणवाडीत दाखवा.

एक इशारा. जास्त म्हणजे चांगले, असा हा माल नाही. पेवाला मर्यादा आहे. दुकानातून गोळ्या आणून मनाने देऊ नका. गरोदर बाईने मोठा डोस घेतला तर पोटातल्या बाळात व्यंग येऊ शकते. पाला-भोपळा खाऊन असा धोका होत नाही; फार तर तळहात पिवळे दिसतील. आणि डोळा धुरकट झाला तर त्यात मध, पाल्याचा रस, काही घालू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा.

घरी गेल्यावर

आम्ही ठराव मांडत नाही, काम सांगतो. आज घरी पोचाल तेव्हा दिवेलागण झालेली असेल. घरातल्या लहान पोरांकडे पाहा. कंदिलाच्या किंवा मिणमिणत्या बल्बच्या उजेडात एखादी वस्तू पुढे धरा आणि काय आहे ते विचारा. चाचपडत असेल तर उद्या वेचणीचा खाडा करा आणि आरोग्य केंद्र गाठा. चाचपडत नसेल तर उद्या न्हाणीपाशी शेवग्याची फांदी रोवा. पावसाच्या तोंडावर ती हमखास धरते, एरवी न्हाणीचे पाणी तिला पुरते.

पुढच्या मेळाव्यात आम्ही विचारणार आहोत, किती घरी शेवगा लागला. कापसाच्या भावाची लढाई लांबची आहे, ती लढूच. ही लढाई उंबऱ्याच्या आतली आहे. तिच्यासाठी मंत्री लागत नाही आणि मोर्चाही लागत नाही. ओटीतून जे गेले ते परसात परत आणायचे आहे, एवढेच.

मूठभर पाला, चमचाभर तेल. त्या घरातल्या पोरीला आता तिन्हीसांजेला तांब्या आण म्हटले की ती धावत जाते. तिच्या भावाला धावता आले नाही. पुढच्या घरात असे होऊ नये.